ट्रॅक्टरची पावलं

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा मी हातात दगड घेऊन ट्रॅक्टरच्या मागं चालण्यात घालवला. नातवंडांना हे सांगितलं की ती हसतात. त्यांना वाटतं आजी गंमत करतेय. गंमत कसली डोंबलाची! दगड खरा होता, चढ खरा होता आणि बी.ए.ला संस्कृत घेतलेली मीही खरीच होते.

माझं माहेर तेल्हाऱ्याचं. वडील शाळेत शिक्षक. त्यांनी लग्न ठरवताना एकच अट घातली होती, मुलीला अकोल्याला राहून बी.टी. करू द्यायचं. म्हणजे शिकवण्याचं ट्रेनिंग, आणि त्यानंतर शाळेत नोकरी. माझे सासरे, म्हणजे मामाजी, अमरावतीच्या कोर्टात नावाजलेले वकील. त्यांनी चार माणसांदेखत मान हलवली. वकिलाशी तोंडी करार करणारा भोळा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच असेल, आणि तो माझ्याच नशिबी बाप म्हणून आला.

लग्न झालं आणि दोन महिन्यांत मामाजींचा घसा बसला. डॉक्टर म्हणाले, आता बोलणं कमी करा. बोलणं कमी केलं तर वकिलाजवळ उरतं काय? त्यांनी पक्षकार मुलाच्या गळ्यात बांधले आणि स्वतः अमरावतीपासून काही कोसांवर, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या बगीच्यात राहायला गेले. बरोबर सासूबाई आणि त्यांच्या हाताखाली मी. नवरा शहरात. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी सकाळी पहिल्या बसने जायचा. मी काही म्हटलं की म्हणायचा, "बघू." त्या माणसाने जन्मभर सगळं बघितलंच.

बगीचा म्हणायचा इतकंच; खाली सपाट काळी जमीन होती, नाल्याकाठी विहीर होती आणि घरामागे चढत गेलेलं मुरमाड बरड. त्या बरडावर संत्र्याची बाग उभी करायचा मामाजींचा ध्यास होता. लोक म्हणत, एवढ्या चढावर पाणी कसं नेणार? मामाजी ट्रॅक्टरकडे बोट दाखवत.

ट्रॅक्टर म्हटल्यावर जे मोठं धूड डोळ्यांसमोर येतं ते हे नव्हे. चिखलदऱ्याला कुणा साहेबाच्या बंगल्याभोवतीची बाग नांगरायला आणलेलं हे बुटकं, म्हातारं यंत्र. साहेब गेला, बंगला विकला आणि लिलावात हे मामाजींच्या पदरात पडलं. रॉकेलवर चालायचं. सुरू करायला पुढून हँडल मारावं लागे आणि हँडल उलटं आलं की मनगट सुजे. मामाजींचा त्याच्यावर पोटच्या पोरापेक्षा जास्त जीव.

ते चालवायला भातकुलीकडचा एक ड्रायव्हर ठेवला होता. पूर्वी जिनिंगच्या ट्रकवर असायचा. माणूस हसरा, थोडा फुशारकीखोर. "ट्रक काय अन् ट्रॅक्टर काय, वयनी, दोघाइले चाकंच हायेत," असं म्हणायचा. त्याने आषाढात शेणखत आणि कलमं भरलेली ट्रॉली त्या चढावरून वर नेली तेव्हा आम्ही सगळे खाली उभे राहून बघत होतो. ट्रॅक्टर रेड्यासारखा चढला. कुठे थांबला नाही, की घसरला नाही. चार दिवसांत सगळी कलमं लागली. मामाजी त्या दिवशी घसा विसरून बोलले. मला म्हणाले, "या कलमांनी एक उन्हाळा काढला की तू अकोल्याला मोकळी. एवढं एक साल बाईमाणसाने लक्ष घातलं पाहिजे." मला ते खरं वाटलं. एक उन्हाळा म्हणजे काय, काढू!

मग भाद्रपद आला आणि महालक्ष्म्या आल्या.

सासूबाई हिवरखेडच्या. गोऱ्या, उंच, बोलायला धारदार. घरात मामाजींचा आवाज मोठा असला तरी हुकूम सासूबाईंचा. महालक्ष्म्यांच्या दिवशी फाटकापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं काढायचं काम माझ्याकडे होतं. मूठ पिठात बुडवून तिच्या कडेने पाऊल उमटवायचं आणि वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके द्यायचे. माझ्यामागे वाकून सासूबाई घोकत होत्या, "बोटं आत, टाच भायेर. बोटं आत, टाच भायेर. एक जरी पाऊल फिरलं तं बाई, लक्ष्मी आल्या पावली जाते."

अंगण सड्याने ओलं होतं. पावलं काढून मी कंबर सरळ करते तोच फाटकातून ट्रॅक्टर आत आला. ड्रायव्हर शहरातून केळीचे खांब आणि सोळा भाज्या घेऊन आला होता. माझी पावलं चुकवून तो कडेने गेला, तेवढी अक्कल त्याला होती. पण मागच्या मोठ्या चाकांचे ठसे ओल्या मातीत लख्ख उमटले. त्या टायरवर जाड रबराच्या तिरक्या पट्ट्या असतात. दोन बाजूंच्या दोन पट्ट्या मधोमध टोकाला मिळतात, त्यामुळे प्रत्येक ठसा बाणासारखा दिसतो. फाटकापासून गोठ्यापर्यंत बाणांच्या दोन रांगा. आणि सगळ्या बाणांची टोकं फाटकाकडे, म्हणजे बाहेर.

सासूबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"अवो, पाह्यलं का? हे पावलं तं सारे भायेर चालले!"

मामाजी ओसरीवर होते. ते हसले. म्हणाले, "टायरचे ठसे आहेत ते, लक्ष्मीचे नव्हेत."

"लक्ष्मी ज्याच्या पायानं येते थे तिचेच पाय," सासूबाई म्हणाल्या. "आजच्या दिवशी भायेर जाणारे पाय या अंगनात मले नाई पायजेत."

न्यायाधीशासमोर न दबणारा माणूस उठून आत गेला. ड्रायव्हरने थोडा वेळ डोकं खाजवलं, मग म्हणाला, डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसवलं तर टोकं फिरतील. जॅक लागला, नट निघाले. तासाभरात चाकांची अदलाबदल झाली. जुने ठसे पुसले, पुन्हा सडा पडला आणि ट्रॅक्टर पुन्हा एकदा फाटकातून आत आणला. या वेळी सगळी टोकं घराकडे. सासूबाईंनी दोन्ही चाकांना हळदकुंकू वाहिलं. मलाही ते दिसायला छान दिसलं, खोटं कशाला बोलू?

हिवाळा सुरळीत गेला. ट्रॅक्टर खालच्या सपाट जमिनीत काम करायचा, बरडावरच्या कलमांना बैलगाडीवरच्या ड्रमातून पाणी जायचं. फाल्गुनात एका बैलाच्या खुराला जखम झाली, पाय सुजला आणि जोडी बसली. मामाजी म्हणाले, हरकत नाही, ट्रॅक्टर आहे. ट्रॉलीवर पाण्याचे ड्रम चढवले, ड्रायव्हरने हँडल मारलं आणि स्वारी निघाली.

अर्ध्या चढावर ट्रॅक्टर थांबला. म्हणजे इंजिन चालूच होतं, धूर निघत होता, पण मागचं एक चाक जागच्या जागी गरगर फिरायला लागलं. मुरूम उडाला. मग ट्रॅक्टर ट्रॉलीसकट हळूहळू मागे यायला लागला. ड्रायव्हर ओरडला, "दगड लावा! दगड!" सगळ्यात जवळ मी होते. मी दगड उचलून ट्रॉलीच्या चाकामागं घातला. त्या क्षणापासून ते काम माझं झालं. आमच्या घरात एकदा कुणी एखादं काम केलं की ते त्याच्या नावावर चढत असे.

त्यानंतर उपाय सुरू झाले. ड्रायव्हर म्हणाला, मागं वजन कमी आहे. मडगार्डवर वाळूची पोती बांधली. मग पुढची चाकं हलकी होऊन उचलायला लागली, तेव्हा पोती काढली. कुणी म्हणालं, टायरमधली थोडी हवा सोडा म्हणजे टायर जमिनीला चिकटेल. हवा सोडली. थोडा चिकटला आणि पुन्हा घसरला. चाकांना साखळदंड गुंडाळला, तो तुटून माझ्या कानाजवळून गेला. वाटेवर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या अंथरल्या, त्यांचा भुगा झाला. शहरातून आलेल्या एका पाहुण्याने सांगितलं की टायरमध्ये पाणी भरतात, त्याने वजन वाढतं. मामाजी भडकले. "झाडाला पाजायला पाणी नाही अन् टायरले पाजू?" रागावले की त्यांची भाषा थेट वऱ्हाडी होत असे.

शेवटी दोष जमिनीला दिला. मुरूम वाळला, भुसभुशीत झाला, चढ वाढला. नाचता येईना, अंगण वाकडं. आषाढात हाच ट्रॅक्टर याच चढावरून गेला होता, हे मी दोनदा सांगून पाहिलं. त्यावर "तेव्हा ओल होती" असं उत्तर तयार होतं.

आता कलमं जगवायची तर पाणी माणसांनीच वर नेलं पाहिजे. गावातल्या बाया रोजाने लावल्या. सकाळी त्या घागरी घेऊन वर जात आणि मी त्यांच्याबरोबर. कोणत्या आळ्यात पाणी पडलं, कोणतं राहिलं, हे मी बघायचं. बाया कमी आल्या तर मीही घागर उचलायची. दुपारी ट्रॅक्टरचा आणखी एक प्रयत्न, तेव्हा मी दगड घेऊन मागे. संध्याकाळी पुन्हा घागरी. ज्या कलमांना पाणी वेळेवर मिळत नव्हतं ती पानं मिटून घेत, आणि मामाजी संध्याकाळी काठी टेकत वर येऊन त्या मिटलेल्या पानांना हात लावत. मग जेवताना एकदम म्हणत, "कलमं गेली तर पुढच्या पावसाळ्यात नवी लावू. एक साल वाढेल इतकंच."

एक साल वाढेल इतकंच!

त्या चढाच्या वरच्या टोकावरून अमरावतीची सडक दिसे. दुपारची बस धुरळा उडवत जायची. तीच बस शहरात पोचायची, तिथून बडनेऱ्याला गेलं की अकोल्याची गाडी मिळते, हे मला पाठ होतं. पण मी दगड हातात घेऊन उभी असताना वळून बघायचीही सोय नव्हती. ट्रॅक्टर चढावर असेपर्यंत तिथून हलायचं नाही, असा नियम. तो वर जात नव्हता, मी खाली जाऊ शकत नव्हते. मला रात्री झोपेतही चाक गरगरताना दिसे. माहेरी कळवावं तर वडील म्हणणार, मोठी माणसं आहेत, शब्द पाळतील. नवरा म्हणणार, बघू. एकदा तर मी त्या ट्रॅक्टरला लाथ मारली. पायाचं बोट सुजलं आणि त्याला काही झालं नाही.

वैशाखातली एक दुपार. भरलेली ट्रॉली घसरत येऊन एका आळ्यात रुतली. ड्रायव्हरने ट्रॅक्टर सोडवून खाली आणला. ट्रॉलीला वरून दोर बांधून ओढायची असं ठरलं. पण वाट अरुंद, वर ट्रॅक्टर वळवायला जागा नाही. म्हणून त्याने पायथ्याशीच वळवून ट्रॅक्टरचं तोंड उताराकडे केलं आणि उलट्या गिअरमध्ये तो मागे मागे वर न्यायला सुरुवात केली. आणि काय सांगू, ट्रॅक्टर चढला! मान मागे वळवून ड्रायव्हर ओरडत होता आणि ते बुटकं यंत्र पाठ वर करून सरसर चढत होतं. पुढच्या हुकाला दोर बांधला तर रुतलेली ट्रॉलीसुद्धा त्याने उलट्या गिअरमध्ये बाहेर काढली.

मामाजी खालून टाळ्या वाजवायला लागले. "मग रोज उलटाच न्या!"

दुसऱ्या दिवशी तसं करून पाहिलं. ट्रॉली वेडीवाकडी गेली, चार कलमं चाकाखाली चेंगरली आणि रेडिएटरचं पाणी उकळलं. तो नाद सुटला.

पण माझ्या डोक्यातून तो चढ जाईना. सुलटा घसरतो आणि उलटा चढतो, हे काय प्रकरण आहे? संध्याकाळी बाया गेल्यावर मी एकटीच त्या वाटेवर गेले. घागरींचं पाणी सांडून माती ठिकठिकाणी ओली होती, ठसे स्पष्ट होते. सुलटा जाताना जिथे चाक घसरलं होतं, तिथल्या बाणांची टोकं चढाकडे होती. उलटा जाताना जिथे तो चढला, तिथली टोकं उताराकडे. मी वाकून आणखी पुढे बघत गेले. सगळीकडे तेच. जायचं त्या दिशेला टोक असलं की घसरतो. टोक पाठीमागे पडलं की माती धरतो.

आणि मला महालक्ष्म्यांचा दिवस आठवला. बोटं आत, टाच बाहेर. आषाढात तो चढला, तेव्हा ठशांची टोकं मागे पडत होती, म्हणून तर अंगणात शिरताना ती बाहेर दिसली. आपण चाकं फिरवली आणि तेव्हापासून हा बिचारा उलट्या चपला घालून डोंगर चढतो आहे. आणि आम्ही? रोग म्हशीला आणि औषध पखालीला!

मी अक्षरशः पळत खाली आले. मामाजींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कोर्टात साक्षीदाराचं ऐकावं तसं, आणि म्हणाले, "चाक गोल असतं. गोलाला उलटं काय अन् सुलटं काय?" मी म्हटलं, आषाढात चढला होता की नाही? ते म्हणाले, "तेव्हा ओल होती." मी म्हटलं, काल उलटा चढला तेव्हा ओल कुठे होती? त्यावर त्यांचा घसा दुखायला लागला.

ड्रायव्हरला सांगितलं तर त्याचे डोळे चमकले. पटलं त्याला. पण तो म्हणाला, "वयनी, मी चाकाले हात नाई लावत. मालकीनबाईनं हळदकुंकू लावून फिरवाले लावलं होतं. त्याइनं सांगतलं तं आत्ता फिरवतो. नाई तं उद्या घरात काई इपरीत झालं, माह्या माथी येईन."

म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात. मी सासूबाईंकडे गेले. त्या माजघरात कुरड्यांचा चीक घोटत होत्या. मी सगळं सांगितलं, चढ, ठसे, टोकं. चीक घोटणं चालूच.

मग म्हणाल्या, "म्हंजे चाकं फिरवले का पाय पुन्हा भायेर."

"अंगणात येताना तसे दिसतील, आत्याबाई. पण वर चढेल. कलमं वाचतील."

"अन् लक्ष्मी?"

त्यांनी हातातला चाटू भांड्यावर आपटला. "मले समजत नाई का? तुलेच भायेर जायाचं हाये. म्हून तुले सारेच पाय भायेर दिसून राहिले. घरची लक्ष्मी तूच, अन् तूच चालली!"

माझा संताप झाला. मी म्हटलं, "मी लक्ष्मी असते तर मला दगड घेऊन ट्रॅक्टरमागं उभं केलं नसतं कुणी!" आणि बाहेर आले. बाहेर येऊन जाणार कुठे? फाटकापर्यंत गेले आणि परत आले. त्या रात्री जेवताना आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही, आणि त्यानंतरही कित्येक दिवस नाही. सकाळ झाली की मी घागरी घेऊन वर, दुपारी दगड. खरं कारण कळलं नव्हतं तेव्हा सहन होत होतं. आता कळलेलं असून तेच रोज बघायचं, ही खरी कैद होती. रोज चाक गरगरायचं, रोज टोकं चढाकडे उमटायची, आणि ते फक्त मी आणि ड्रायव्हर बघायचो. तो माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारायचा, झालं का काही? मी नकाराची मान हलवायची.

मग एक दिवस व्हायचं ते झालं. दुपारी ट्रॅक्टर घसरला, मी दगड घातला, पण दगड मुरुमासकट सरकला. ट्रॉली माझ्या अंगावर आली. मी बाजूला उडी घेतली, पण पदर ट्रॉलीच्या फळीत अडकला आणि मी खेचली जाऊन एका आळ्यात आडवी पडले. ट्रॉलीचं चाक माझ्या डोक्याशेजारून गेलं, कलमावर चढलं आणि बांधाला अडून थांबलं. क्षणभर मला काही ऐकू येईना. मग ऐकू आलं ते सासूबाईंचं ओरडणं. त्या खालून येत होत्या, नऊवारीचा ओचा हातात धरून, अनवाणी, त्या तापलेल्या मुरमावरून. चढावर त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते.

त्यांनी मला उठवलं. माझं कोपर फुटलं होतं, बाकी काही नाही. त्यांनी माझा फाटलेला पदर बघितला, मोडलेलं कलम बघितलं. मग त्या वाकल्या आणि वाटेवरचे ठसे बघत बघत सावकाश खाली उतरत गेल्या. मध्येच थांबून परत दोन पावलं वर यायच्या, पुन्हा बघायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तर ट्रॅक्टर जॅकवर उभा होता आणि दोन्ही मोठी चाकं जमिनीवर आडवी. ड्रायव्हर हसत होता. सासूबाई हळदकुंकवाची वाटी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी चाकांना हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि म्हणाल्या, "फिरव. अन् आता याले फाटकाभायेरच ठेवत जाय. आत आणाचा नाई."

मामाजी ओसरीवरून म्हणाले, "अहो, पण चाक गोल असतं..."

"तुमी कोर्टात बोला," सासूबाई म्हणाल्या.

त्या दुपारी ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली घेऊन चढायला लागला. मी सवयीने दगड घेऊन मागे होते. अर्धा चढ आला. त्याच जागी चाक किंचित अडखळलं, मग मातीत रुतलं आणि ट्रॅक्टर पुढे गेला. वर पोचला. ड्रायव्हरने वरून टोपी उडवली. मी खाली बसले आणि रडले. आनंदाने की कशाने ते मला त्या वेळी कळलं नाही, पण भरपूर रडले. तो दगड मी नाल्यात भिरकावून दिला.

कलमं वाचली. सगळी नव्हे, पण बाग म्हणावी इतकी वाचली. ज्येष्ठ लागला तसं मी एका शनिवारी रात्री जेवताना विषय काढला. मामाजी पाटावर नीट बसले. म्हणाले, "मुद्दा असा आहे, की आता ट्रॅक्टर चालायला लागला. आता तर बागेला खरं लक्ष लागेल. अन् त्या यंत्राची खोड तुझ्याइतकी कुणाला कळली? तू गेलीस तर..."

घसरत होता तेव्हा घसरतो म्हणून अडकले, आता चढतो म्हणून अडकणार! मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "बघू."

सासूबाई वाढत होत्या. त्यांनी पोळीची टोपली खाली ठेवली. "काय पाह्यतं? वर्षभर पाह्यलंच ना तुमी दोघाइनं! चार माणसाइत मान हालवली होती, थे मान घरात आनली का नाई? पोरीचा जीव जाता जाता राह्यला त्या टेकडीवर. सोमवारी जाईन थे." मग मामाजींच्या पानात पोळी वाढली आणि म्हणाल्या, "जेवा."

सोमवारी सकाळी मी ट्रंक भरून ओसरीवर आणली. सासूबाईंनी अंगणात सडा घातला होता, नेहमीपेक्षा भरपूर. माती चांगली भिजली होती. ट्रंक ट्रॉलीत घालायची म्हणून ट्रॅक्टर फाटकाशी येऊन थांबला. तो आत येणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी ट्रंकेची कडी धरून ओढायला लागले.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. फाटकाशी गेल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "आत आण. पण तोंडानं नको आणू. पाठीनं आण."

ड्रायव्हरने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ट्रॉली बाहेर सोडून त्याने ट्रॅक्टर वळवला आणि मागे मागे ओसरीपर्यंत आणला. ट्रंक मडगार्डवर बांधली. मी सासूबाईंच्या पाया पडले. त्यांनी माझ्या ओटीत नारळ घातला आणि दुसऱ्या मडगार्डवर बसायला सांगितलं. ट्रॅक्टर सुरू झाला आणि सरळ फाटकाबाहेर गेला.

फाटकाबाहेर ट्रॉली जोडेपर्यंत मी मागे वळून बघितलं. ओल्या अंगणात ठशांच्या रांगा लख्ख उमटल्या होत्या. आत आला तेव्हाच्या आणि मला घेऊन बाहेर गेला तेव्हाच्याही. सगळ्या टोकांची तोंडं घराकडे होती. एकही पाऊल बाहेर जाणारं नव्हतं.

सासूबाई ओसरीच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या चढावर वाकून त्यांनी काय बघितलं होतं, हे मला तेव्हा कळलं: ट्रॅक्टर पुढे जावो की मागे, त्याचं तोंड फिरलं नाही तर टोकंही फिरत नाहीत.

"जाय आता," त्या तिथून मोठ्याने म्हणाल्या. "पाय आतच हायेत."

मग त्या काहीतरी आणायला गोठ्याकडे निघाल्या. जाताना त्यांनी लुगड्याचा काठ वर उचलला आणि चाकांचे ठसे ओलांडून गेल्या, महालक्ष्मीची पावलं मोडू नयेत म्हणून जायच्या तशाच.